खानापूर आणि निपाणी तालुक्यांतील पालकांचे सर्वेक्षण: नमुना, प्रश्नावली आणि भाषा यांबाबत मार्गदर्शन हवे

मलप्रभाकाठ (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी बेळगाव येथे समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. घरात मराठी बोलणारी कुटुंबे आपल्या मुलांच्या शाळेचे माध्यम कसे ठरवतात, मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांपैकी एकाची निवड करताना घरात कोणाचा शब्द चालतो आणि शाळेचे अंतर, फी, पुढील नोकरी या गोष्टींचा त्यावर किती परिणाम होतो, हा माझा विषय आहे. क्षेत्र म्हणून खानापूर आणि निपाणी हे दोन तालुके निवडले आहेत.

एम.ए.ला संशोधनपद्धतीचा पेपर होता, परंतु त्यात नमुन्याच्या प्रकारांची नावे आणि व्याख्या यांपलीकडे फारसे हाती लागले नाही. आजवर वाचलेल्या प्रबंधांत नमुन्याचा आकार काढण्याचे यामाने यांचे सूत्र मांडून 400 हा नमुना घेतलेला दिसतो, म्हणून मीही तोच आकडा धरला आहे. गूगल फॉर्म तयार करून तो पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवावा आणि जेथे प्रतिसाद कमी येईल त्या गावांत स्वतः जावे, असा माझा विचार आहे. मूळ प्रश्नावली इंग्रजीत असून तिचे मराठी भाषांतर करून घेतले आहे.

माझ्या शंका अशा आहेत. 400 हा आकडा पुरेसा मानावा का? फॉर्मद्वारे आलेली उत्तरे आणि प्रत्यक्ष भेटीत मिळालेली उत्तरे एकत्र करता येतात का? आणि आपल्या भागात भाषेचा विषय काढला की लोक सावध होतात, काही जण तर बोलणेच टाळतात. अशा वेळी प्रश्न कसे विचारावेत? कृपया सविस्तर सांगावे.

---

निवृत्त सांख्यिकी अध्यापक, टिळकवाडी

आपला विषय मोलाचा आहे आणि शंकाही योग्य वेळी विचारल्या आहेत. मी मुख्यतः नमुन्याविषयी लिहितो.

प्रथम 400 या आकड्याची उत्पत्ती समजून घ्यावी. यामाने यांच्या सूत्रात एकूण लोकसंख्येला, एक अधिक लोकसंख्या गुणिले त्रुटीचा वर्ग, या संख्येने भागतात. त्रुटी, म्हणजे उत्तर खऱ्या आकड्यापासून किती ढळू शकते ते प्रमाण, 0.05 (पाच टक्के) धरली आणि लोकसंख्या मोठी असली की उत्तर 400 च्या जवळच येते, मग ती लोकसंख्या एका तालुक्याची असो वा संपूर्ण राज्याची. वेगवेगळ्या विषयांवरील प्रबंधांत हाच आकडा दिसतो त्याचे कारण हे आहे. सूत्रात चूक नाही, परंतु त्यात एक अट दडलेली आहे: नमुना साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेला असावा, म्हणजे ज्यांच्याविषयी आपण विधान करणार आहोत त्या प्रत्येक कुटुंबाला निवडले जाण्याची सारखी संधी असावी. व्हॉट्सॲप गटावर फॉर्म पाठवला असता ही अट सुरुवातीलाच मोडते. गटात कोण आहे हे गट चालवणाऱ्याने ठरवलेले असते आणि फॉर्म कोण भरणार हे ज्याच्या त्याच्या हौसेवर अवलंबून असते. अशी 4000 उत्तरे आली तरी ती नेमकी कोणाची बाजू मांडतात हे सांगता येत नाही, आणि त्यांना पाच टक्के त्रुटीचे लेबल लावणे सर्वस्वी गैर आहे. म्हणून फॉर्मची उत्तरे आणि घरभेटीची उत्तरे एका तक्त्यात मिसळू नयेत. फॉर्मचा उपयोग प्रश्नावलीच्या प्राथमिक चाचणीपुरता करावा.

आता अधिक महत्त्वाचा मुद्दा. आपण गावोगाव जाणार, म्हणजे आधी गावे निवडणार आणि मग त्या गावांतील घरे. एका गावातील घरे बऱ्याच बाबतीत एकमेकांसारखी असतात, आणि शाळेच्या माध्यमाबाबत तर हे साम्य फारच मोठे असते, कारण गावात मराठी शाळा आहे की नाही, इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस गावापर्यंत येते की नाही, हे सगळ्यांसाठी एकच असते. त्यामुळे एका गावातील विसाव्या घरातून मिळणारी नवी माहिती फार थोडी असते. हा परिणाम मोजण्यासाठी डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुन्याचे मोल किती पटीने घटते ते, काढतात: एका गावातील घरांच्या संख्येतून एक वजा करून त्याला साम्याच्या गुणांकाने (एका गावातील घरे एकमेकांसारखी किती, हे दाखवणाऱ्या संख्येने) गुणावे आणि त्यात एक मिळवावा. आपल्या विषयात हा गुणांक 0.2 आहे असे मानू या. 20 गावे आणि प्रत्येकी 20 घरे घेतली तर डिझाइन इफेक्ट 4.8 येतो, आणि 400 घरांचा नमुना प्रत्यक्षात सुमारे 83 घरांइतकाच भरतो. त्याऐवजी 30 गावे आणि प्रत्येकी 10 घरे घेतली तर इफेक्ट 2.8 येतो आणि 300 घरांचे प्रत्यक्ष मोल 107 च्या आसपास राहते. घरे 100 ने कमी झाली, तरी नमुना सुधारला. नवीन संशोधकांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, परंतु गावांची संख्या वाढवणे हे घरांची संख्या वाढवण्यापेक्षा फायद्याचे असते, एवढे अवश्य लक्षात ठेवावे.

गावे निवडण्यासाठी यादी लागेल. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावातील कुटुंबसंख्या मिळते, परंतु तेव्हा निपाणी हा स्वतंत्र तालुका नव्हता. ती गावे चिक्कोडी तालुक्यात दाखवलेली आहेत, ती वेगळी काढावी लागतील. 2021 ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे जुन्याच यादीवर काम भागवावे लागते. यादीत गावांपुढे कुटुंबसंख्या लिहून त्यांची चढती बेरीज करावी. समजा एकूण बेरीज 36,000 आली आणि 30 गावे हवी आहेत, तर 1200 चे अंतर येते. 1 ते 1200 मधील एक संख्या चिठ्ठी टाकून किंवा संगणकाने काढावी, त्या संख्येत 1200 मिळवत जावे, आणि ज्या गावाच्या बेरजेत ती संख्या पडेल ते गाव निवडावे. मोठ्या गावाला निवडले जाण्याची संधी त्याच्या आकाराच्या प्रमाणात अधिक मिळते. फार लहान वाड्या शेजारच्या गावाला जोडून एक घटक करावा. भीमगड अभयारण्यातील गवाळी, पास्टोली, कोंगळा यांसारख्या वस्त्या जाण्यायेण्याला अवघड म्हणून यादीतून वगळण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळावा. शाळा दूर असली की पालक काय करतात, हे त्याच घरांमध्ये सर्वांत स्पष्ट दिसेल.

गावपातळीवरील जनगणनेच्या तक्त्यात मातृभाषा नसते. खानापूरच्या पूर्वेकडील बिडी, इटगी या पट्ट्यात कन्नड भाषक कुटुंबे अधिक आहेत, तर पश्चिमेकडे मराठी. म्हणून निवडलेल्या गावात आधी घरयादी करून, घरात मराठी बोलली जाते का आणि शाळेच्या वयाचे मूल आहे का, या दोन गोष्टी नोंदवाव्यात आणि त्यातून पात्र घरांची यादी तयार करावी. पात्र घरांचे प्रमाण गावागणिक बदलत असल्यामुळे विश्लेषणाच्या वेळी प्रत्येक गावाला योग्य भारांक, म्हणजे त्याच्या उत्तरांना द्यायचे वजन, द्यावा लागेल. तो निवडीच्या संभाव्यतेचा व्यस्त असतो.

---

क्षेत्र अन्वेषक, चिक्कोडी

सरांनी गाव निवडण्यापर्यंत आणून सोडले आहे. मी गावात पोचल्यानंतरचे लिहितो, कारण पुस्तकात तो भाग एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो आणि सर्वेक्षण बिघडते ते बहुधा तेथेच.

घरयादीसाठी पंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना भेटून मालमत्तेचे रजिस्टर पाहता येते, अंगणवाडीत कुटुंबांची नोंद असते, मतदारयादीही असते. परंतु यांपैकी एकाही यादीवर पूर्ण भिस्त ठेवू नये. मतदारयादीत घर क्रमांक असतात, पण गोव्याला कामाला गेलेला माणूस त्यात असतो आणि गेल्या वर्षी भाड्याने राहायला आलेले कुटुंब नसते. निपाणी, चिक्कोडी, रायबाग या भागांत तर निम्मे गाव मळ्यात राहते म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. गावठाणातल्या गल्ल्या फिरून यादी केली तर मळ्यातली घरे सगळी सुटतात, आणि मळ्यातल्या मुलाला शाळेपर्यंत चालत जावे लागते की गाडी दारात येते, हा तर आपल्याच विषयाचा गाभा आहे. गावाचा हातनकाशा काढावा, त्यावर गल्ल्या, मंदिर, मशीद, दूध डेअरी, ओढा आणि मळ्यांच्या वाटा दाखवाव्यात, आणि गावातील एखाद्या माहितगार व्यक्तीला सोबत घेऊन प्रत्येक घराला खडूने क्रमांक द्यावा. आपल्याकडे गल्ल्या बहुतेक समाजवार असतात. मारुती मंदिराच्या गल्लीपासून सुरुवात करून दहा घरे झाली की परत फिरायचे, असे केले तर एकाच समाजाची उत्तरे हाती येतात. गाव फार मोठे असेल तर शंभर-दीडशे घरांचे भाग पाडावेत आणि त्यातील एक भाग चिठ्ठीने निवडून त्याचीच यादी करावी.

घर म्हणजे काय हे आधी ठरवून घ्यावे. एका दारावर एकच क्रमांक असतो, आत तीन भाऊ असतात आणि तीन चुली असतात. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या सर्वेक्षणात चालते आणि लोकांनाही ती लगेच समजते. "आपल्या घरात किती माणसे आहेत?" असे विचारले तर थोरला भाऊ सगळ्या वाड्याची माणसे मोजून सांगतो. "एका चुलीवर किती जण जेवता?" असे विचारले की खरा आकडा मिळतो. मग यादी अशी चालते: पात्र चुली 120 आणि हव्या आहेत 10, तर अंतर 12, आरंभाचा क्रमांक 7 निघाला तर 7, 19, 31 याप्रमाणे पुढे जावे. एकोणीस क्रमांकाला कुलूप असेल तर वीस क्रमांकाकडे वळू नये. ते घर बंद का आहे, याच्याशी आपल्या प्रश्नाचा संबंध असू शकतो. आई-वडील दोघेही कामाला जाणाऱ्या घराचा शाळेविषयीचा निर्णय दिवसभर घरी असणाऱ्यांपेक्षा वेगळा असतो. वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा जावे आणि प्रत्येक खेपेचा निकाल वहीत लिहावा: भेट झाली, नकार दिला, कुलूप होते, स्थलांतर केले आहे.

वेळेचे भान फार आवश्यक आहे. खानापुरात रोपलावणीच्या दिवसांत कोणी घरात सापडत नाही आणि पावसात काही रस्तेच बंद असतात. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की पुरुष मंडळी फडात किंवा ट्रॅक्टरवर असतात. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका घरीच असतात, पण हात चालू असतो. त्यांच्याशी काम सुरू ठेवूनच बोलावे, सूप बाजूला ठेवायला सांगू नये, कारण वळलेल्या विड्यांवरच त्यांची मजुरी ठरते. एक मात्र पाहावे: शेजारच्या बायकाही तेथे बसलेल्या असतात आणि फीच्या प्रश्नाला त्यांच्यादेखत वेगळे उत्तर येते.

कुटुंबप्रमुख कोण, हा साधा वाटणारा प्रश्नही आता जपून विचारावा लागतो. रेशनकार्डावर घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव प्रमुख म्हणून असते, आणि 2023 पासून गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये तिच्याच खात्यावर येतात. हातात छापील कागद घेऊन आलेल्या माणसाने प्रमुख कोण असे विचारले की लोकांना त्या योजनेची तपासणी वाटते आणि ते कार्डावरचे नाव सांगतात. शाळेत नाव घालताना घरात शब्द कोणाचा चालला, हे त्यातून कळत नाही. उत्पन्नाचेही तसेच आहे. कार्ड रद्द होईल या भीतीने आकडा कमी सांगितला जातो. त्यापेक्षा जमीन किती, पाणी कशाचे, घरात दुचाकी आहे का, जनावरे किती, असे विचारावे. संमती घेताना अंगठा किंवा सही मागितली तर माणसे बिथरतात. आपल्या संस्थेची नैतिकता समिती मान्य करीत असेल तर संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवावे, तोंडी होकार घ्यावा आणि खाली आपण स्वतः सही करावी.

---

प्रश्नावली आणि भाषांतर, शहापूर

वरील दोन्ही उत्तरे अत्यंत उपयुक्त आहेत. भाषेच्या शंकेवर थोडे लिहितो.

मूळ प्रश्नावली इंग्रजीत करून ती मराठीत उतरवण्याचा क्रम उलटा करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्यांना प्रश्न विचारायचा आहे त्यांच्या बोलण्यातून प्रश्न घडला पाहिजे. पाच-सहा पालकांशी मोकळ्या गप्पा कराव्यात, त्यांनी वापरलेली वाक्ये जशीच्या तशी टिपून घ्यावीत आणि त्यांतून मराठी प्रश्न तयार करावेत. त्यावरून कन्नड आवृत्ती करावी. ती हवीच, कारण घरात मराठी बोलणारी सून माहेरची कन्नड असू शकते आणि तिला कन्नडमध्ये बोलणे सोयीचे वाटू शकते. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून कन्नड आवृत्ती पुन्हा मराठीत आणून दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. उलट भाषांतराची ही पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये. दोन्ही आवृत्त्या शब्दशः जुळल्या तरी ऐकणाऱ्याला प्रश्न कसा ऐकू येतो हे त्यातून कळत नाही. म्हणून निवडलेल्या गावांबाहेरील काही पालकांना प्रश्न वाचून दाखवावा आणि "मी काय विचारले ते आपल्या शब्दांत सांगा" अशी विनंती करावी. प्रश्नावलीतील बिघाड इतक्या लवकर दाखवणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

आता प्रश्नाचे रूप पाहू. "मराठी माध्यमाच्या शाळा टिकल्या पाहिजेत असे आपणास वाटते का?" या प्रश्नाला आपल्या भागात जवळपास प्रत्येक मराठी पालक होय म्हणेल, आणि त्याच वेळी अंगणात इंग्रजी शाळेची बस येऊन थांबलेली असेल. तो खोटे बोलत नाही; दोन्ही गोष्टी त्याच्या जागी खऱ्या आहेत. परंतु या उत्तरावरून शाळेच्या निवडीविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी घरातील प्रत्येक मुलाची ओळ करावी: वय, इयत्ता, शाळा कोठे, माध्यम कोणते, पहिलीत कोणत्या शाळेत होते. त्यानंतर सर्वांत धाकट्या मुलाविषयी विचारावे: दाखल करण्याआधी आणखी कोणती शाळा पाहिली होती, शाळेत चौकशीला कोण गेले, पैसे कोणी भरले. थोरला मराठी शाळेत आणि धाकटा इंग्रजी शाळेत, अशी घरे भेटतील. निर्णय कोठे आणि का बदलला हे तेथेच हाती लागेल. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीविषयी विचारलेला प्रश्न मतापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

भाषेविषयी थेट मत विचारण्यातील अडचण आपणास ठाऊकच आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरील 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल, त्याच वादावर 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा आणि भाषावार आकड्यांवरून झालेले वाद यांमुळे येथील माणसाला भाषेची नोंद म्हणजे एखाद्या बाजूची नोंद वाटते. म्हणून मूल आजीशी कोणत्या भाषेत बोलते, बाजारात कोणती भाषा वापरते, सोबत्यांशी खेळताना कोणती, असे व्यवहाराचे प्रश्न घ्यावेत. स्वतःची ओळख विद्यार्थिनी म्हणूनच द्यावी आणि गावात कोणत्याही पक्षाच्या किंवा संघटनेच्या कार्यकर्त्यासोबत प्रवेश करू नये, मग तो कितीही मदतीला तयार असो. मुलाखत कोणत्या भाषेत झाली आणि कोणी घेतली हे प्रत्येक अर्जावर नोंदवावे.

---

मलप्रभाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने वेळ दिलात, मी अत्यंत आभारी आहे. मुलांची ओळ आणि चुलीची व्याख्या आजच प्रश्नावलीत घेतली. एक अडचण मात्र राहते. माझ्याकडे निधी नाही आणि सोबतीला फक्त एक मैत्रीण आहे. ती कन्नड भाषक असून तिला मराठी उत्तम येते. दोन तालुक्यांची घरयादी आम्हा दोघींना झेपेल असे वाटत नाही. शाळांच्या यादीवरून पालक निवडले तर चालेल का?

---

निवृत्त सांख्यिकी अध्यापक, टिळकवाडी

शाळांची यादी सहज मिळेल. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचात प्रत्येक शाळेचे माध्यम आणि पटसंख्या असते. खानापूरसाठी बेळगाव आणि निपाणीसाठी चिक्कोडी या शैक्षणिक जिल्ह्यांतून चौकशी करावी. परंतु तालुक्यातील शाळा धरल्या तर सीमेपलीकडे कागल, गडहिंग्लजला किंवा बेळगाव शहरात जाणारी मुले निसटतील, शाळा सोडलेली तर दिसणारच नाहीत, आणि माध्यमाच्या निवडीत हीच मुले सर्वाधिक बोलकी ठरतात. म्हणून माझा सल्ला असा की पद्धत सोडण्याऐवजी क्षेत्र लहान करावे. फक्त खानापूर घ्यावे, 30 गावे आणि प्रत्येकी 10 घरे. मोठ्या गावांत एकाच भागाची यादी केल्यास काम आवाक्यात येईल.

दोन तालुक्यांची तुलना तशीही नाजूक होती. प्रत्येकी 200 घरे अगदी साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडली असती, तरी दोन टक्केवारींमधील फरकाची त्रुटी सुमारे दहा टक्के बिंदूंची राहिली असती, आणि गावांच्या साम्यामुळे ती आणखी वाढली असती. एका तालुक्यातील 300 घरांवर, गुणांक 0.2 धरल्यास, त्रुटी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येईल. प्रबंधात पाच टक्के लिहिण्याऐवजी हीच संख्या, तिच्या गणितासह लिहावी. मार्गदर्शकांनी विचारल्यास आनंदाने समजावून सांगावी. आणि माहिती हाती आल्यावर खरा गुणांक काढून पुन्हा मांडावी, पुढे या भागात काम करणाऱ्यांना तो फार उपयोगी पडेल.

आपल्या मैत्रिणीविषयी एक सुचवतो. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1937 पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना सर्वेक्षणे केली, तेव्हा एकाच क्षेत्राचे दोन स्वतंत्र उपनमुने करून ते वेगवेगळ्या पथकांकडे देण्याची पद्धत त्यांनी रुजवली. दोन पथकांच्या उत्तरांतील तफावत पाहिली की पाहणी करणाऱ्यामुळे किती फरक पडतो हे कळत असे. आपणही प्रत्येक गावातील दहा घरांपैकी पाच आपल्याकडे आणि पाच तिच्याकडे चिठ्ठीने वाटून घ्यावीत. ओळखीचे घर म्हणून किंवा भाषेच्या सोयीने अदलाबदल करू नये. एखाद्या बाईंना कन्नडमध्ये बोलायचे असेल आणि घर आपल्या वाट्याचे असेल, तर मुलाखत तिने घ्यावी, पण तशी नोंद ठेवून ते घर या तुलनेतून बाजूला काढावे. मराठी मुलाखतकर्तीला आणि कन्नड मुलाखतकर्तीला शाळेविषयी मिळालेली उत्तरे किती वेगळी आहेत, हे आपण आकड्यात दाखवू शकाल, आणि त्यावर प्रबंधात स्वतंत्र प्रकरण करावे.

घरयादी दिवाळीनंतर सुरू करावी. तोवर भाताची कापणी आटोपत आलेली असते, जंगलभागातील रस्ते कोरडे होतात आणि शाळाही चालू असतात.